हॉर्नबीतला निकाऊ

अस्मिताने नर्सरीतल्या बाईंकडे थंडीत तगणारा पाम मागितला, आणि बाईंनी दाखवलेले तिन्ही पाम एकामागून एक नाकारले.

पहिला विंडमिल पाम. "हॉर्नबीत राहता ना? मग हाच घ्या," त्याच्या पंख्यासारख्या पानांवरून हात फिरवीत बाई म्हणाल्या. "लावायचा आणि विसरून जायचं." दुसरा चिली देशातला, हत्तीच्या पायासारखे खोड धरणारा, पण ते धरायला माणसाचे अर्धे आयुष्य घेणारा. तिसरा बुटका, काटेरी, स्वतःच्याच सावलीत रमलेला. तिघांनाही कुणाची गरज नव्हती. लग्नघरात अनोळखी पाहुण्यांसमोर माणूस जसे उगाच हसून उभे राहते, तशी अस्मिता त्यांच्यासमोर उभी राहिली. मग तिची नजर मागच्या हिरव्या जाळीखाली ठेवलेल्या एका कोवळ्या पामकडे गेली.

"तो निकाऊ," बाई म्हणाल्या. "या देशातलाच आहे, पण उत्तरेकडच्या, ऑकलंडच्या रानातला. आपल्याकडे फार तर आकारोआच्या समुद्राकाठी जगतो. हॉर्नबीत मोठा होण्याआधीच फ्रॉस्ट, पहाटेचं गोठलेलं दव, त्याला खाऊन टाकेल. हिवाळाभर रोज संध्याकाळी पांघरूण घालावं लागेल, तान्ह्या मुलासारखं. तेही किती वर्षं, देव जाणे."

"घालीन."

"मग स्वीट ॲज, छानच," बाई म्हणाल्या, पण कुंडी उचलून देताना त्यांनी अस्मिताकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

घटस्फोटानंतर अस्मिता दूधपावडरीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी धरून दक्षिणेला, हॉर्नबीत आली होती. चारुदत्त ऑकलंडलाच, हिल्सबरोच्या घरात राहिला, आणि शाळा बदलायला नको म्हणून मुलगी सिद्धीही त्याच्याजवळ राहिली. सुट्ट्या तेवढ्या आईच्या. आता शाळेची शेवटची दोन वर्षे उरली होती. ती कुठे काढायची हे सिद्धीने स्वतः ठरवावे, आणि जुलैच्या, इथल्या ऐन हिवाळ्यातल्या सुट्टीत सांगावे, असे तिघांत ठरले होते. मागच्या खेपेला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली होती, "इथे सगळं सपाट आणि करडं आहे. आमच्याकडे निदान पाम तरी आहेत." सिद्धीला मराठी सगळे कळे, उत्तर मात्र इंग्रजीत येई, आणि अस्मिताच्या मनात ते आपोआप मराठी होऊन उतरे. त्यातला 'आमच्याकडे' तेवढा उतरता उतरला नव्हता. ठेच लागलेल्या बोटासारखा तो हिंडताफिरता दुखत राहिला.

निकाऊ तिने त्याच खिडकीसमोर लावला. चहूबाजूंनी बांबूच्या काठ्या रोवल्या, फ्रॉस्टपासून रोपे वाचवायला मिळणारे पांढरे, झिरझिरीत कापड आणले. कामावरून परतल्यावर दिवा लावायच्या आधी ती ते कापड काठ्यांवरून ओढून घेई आणि खाली दोरीने आवळी. सकाळी सोडी. घरात दुसरे काही झाकायला किंवा उघडायला नव्हते. त्या दोन गाठींच्या मधोमध तिचा दिवस येऊन बसला, आणि तो रिकामा आहे असे निदान बाहेरून दिसेनासे झाले.

जुलैत सिद्धी आली. उंच झाली होती, बोलणे कमी झाले होते. हिवाळ्यातही उघड्या पायांत जँडल्स, त्या रबरी चपला, घालून हिंडायची खोड मात्र तशीच होती. पहिल्या संध्याकाळी तिने खिडकीतून आईचे बांधणे पाहिले.

"आई, तू त्याचं भूत केलंस."

"थंडी वाजते त्याला."

"तो म्हणाला तुला?"

"तूही कुठे म्हणायचीस? मी तुला घालायचेच स्वेटर."

"आठवतंय. उन्हाळ्यातसुद्धा," सिद्धी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

चौथ्या दिवशी सिद्धी आपण होऊन उठली. "आज मी बांधते." अस्मिताला इतका आनंद झाला की ती फोडणीपाशी उभी राहून नुसतीच ऐकत राहिली: काठ्यांची खटखट, कापडाची फडफड, मधूनच एक इंग्रजी शिवी. सिद्धी आत येऊन आंघोळीला गेली. अस्मिता हळूच बाहेर गेली. दोरी सैल होती, एक बाजू उघडी राहिली होती. तिने सगळे सोडून पुन्हा नीट बांधले. मागे वळली तर दारात ओल्या केसांची सिद्धी.

"मी केलं होतं ना?"

"सैल होतं ग जरा."

"तुझ्याकडे सगळंच जरा सैल असतं. माझी बॅग तू परत भरतेस. मी घासलेली भांडी परत घासतेस." आवाज चढला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. "तुझ्याकडे राहायचं म्हणजे रोज हेच का, हे मी बघतेय."

जेवताना दोघींनी हवामानाच्या गोष्टी केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून दक्षिणेचा बर्फगार वारा सुटला. पुढे आभाळ निवळणार आणि पहाटे कडक फ्रॉस्ट पडणार, हे बातम्यांत सांगत होते. संध्याकाळी सिद्धीनेच दोरी उचलली. अस्मिता खिडकीशी उभी राहिली. गाठ पुन्हा सैलच बसली. काचेतूनही ते दिसत होते. सिद्धी आत आली, आईकडे न बघता आपल्या खोलीत गेली. अस्मिताने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाहेर जाणे सोपे होते. दहा पावले, एक गाठ. तिने हात काढून घेतला आणि दिवे मालवले.

सकाळी कापड कुंपणावर लटकत होते. वारा कधीचाच पडला होता. सारे अंगण पांढरे, आणि त्यात निकाऊ, पान न् पान काचेने लिंपल्यासारखा.

सिद्धी तशीच, अनवाणी, धावत बाहेर गेली. अस्मिता मागोमाग आली.

"हात नको लावू. ऊन येऊ दे हळूहळू."

"मेला का तो?"

"आत्ता नाही कळायचं. या झाडाला एकच कोंब असतो, मधला. तो जगला तर झाड जगतं. सप्टेंबर उजाडेल कळायला."

सिद्धी त्या मधल्या कोंबाकडे बघत राहिली. तिचे पाय लाल झाले होते.

"काल तू परत बांधलं नाहीस."

"नाही."

"दिसलं असेल ना तुला? सैल होतं ते."

"दिसलं. पण तू बांधलं होतंस."

सिद्धीने मान खाली घातली. कुंपणाच्या पलीकडून शेजाऱ्याची गाडी सुरू होण्यासाठी कुरकुरत होती. सप्टेंबरच्या अखेरीस शाळेला पुन्हा सुट्टी असते, हे दोघींनाही ठाऊक होते. अस्मिता वाट पाहत राहिली.

"सप्टेंबरमध्ये मला फोटो पाठवशील?" सिद्धी म्हणाली.

"पाठवीन."

"मी तिकडेच राहणार आहे, आई. काल-परवाच्या गोष्टीमुळे नाही. आधीच ठरलं होतं माझं, फक्त सांगता येत नव्हतं." ती थांबली. "बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला."

"बरं केलंस," अस्मिता म्हणाली. आणि मग, "जा आत. पाय बघ कसे झालेत."

सिद्धी गेली. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा, किटली ठेवल्याचा आवाज आला. ऊन अजून शेजारच्या छपरावरच होते. तिथून ते खाली यायला, कुंपण ओलांडून मधल्या कोंबापर्यंत पोचायला वेळ होता. दोन्ही हात बगलांत दाबून अस्मिता तिथेच उभी राहिली.