उठेल त्याने कप धुवायचे

दरवर्षी सत्राच्या चौथ्या आठवड्यात मी माझ्या वर्गाचं दार वाजवून घेते. शिपाईमामांना वेळ आधीच सांगून ठेवलेली असते. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असते, तेवढ्यात बंद दारावर टकटक होते. मी ऐकलंच नाही असं दाखवून लिहीत राहते. साठ मुलं एकमेकांकडे बघतात. शेजारचा स्वस्थ बसलाय म्हणून हा स्वस्थ बसतो आणि याला बघून शेजारचा. सातव्या-आठव्या टकटकीला कोणीतरी कुरकुरत उठतं. तेव्हा मी खडू खाली ठेवते आणि विचारते, "ऐकू कोणाकोणाला आलं?" साठ हात वर. "मग उठला का नाहीत?" इथे हशा पिकतो.

सामाजिक मानसशास्त्राची पहिली ओळख करून द्यायला याहून सोपं काही मला अकरा वर्षांत सापडलेलं नाही. माणूस एकटा असता तर उठला असता. साठांत असला की उठायची जबाबदारी साठांत वाटली जाते आणि एकाच्या वाट्याला जे येतं ते खुर्ची सोडायला पुरत नाही.

या वर्षी मामांना 'नको' म्हणून सांगायचं राहून गेलं.

माझे बाबा एका कोल्ड स्टोरेजमध्ये सव्वीस वर्षं कामाला होते. चार खोल्या, त्यांतली तीन नंबरची सगळ्यांत थंड, उणे वीस. तिचं दार आपोआप लागायचं. ते आतून उघडायचा एक दांडा होता, तो गेल्या वर्षी तुटला. धोक्याच्या घंटेचं बटण त्याआधीच बर्फाखाली गेलेलं. तक्रार दिलेली आहे असं प्रत्येक जण म्हणायचा. कोणी दिली होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मोबाइल बाहेर कपाटात ठेवायचा नियम होता. मग कामगारांनीच तोडगा काढला. आत अडकलेल्यानं मूठ आपटून दार वाजवायचं आणि बाहेर जो जवळ असेल त्यानं उघडायचं.

दारापासून आठ-दहा पावलांवर एक लांब टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे तिथे बसत. ऐन चहाच्या वेळी उठायचा कंटाळा, म्हणून त्यांच्यात एक खेळ सुरू झाला: दार उघडायला जो उठेल, त्यानंच सगळ्यांचे कप धुवायचे. मग दार वाजलं की जो तो आपापल्या कपात बघत बसायचा. आतला माणूस ओरडायचा, बाहेरचे हसायचे.

"शेवटी मीच उठतो," बाबांनी एकदा जेवताना सांगितलं होतं.

"म्हणजे सगळ्यांचे कप तुम्ही धुता?" आई म्हणाली.

"धुतो की. घरी कधी धुतले नाहीत, त्याची भरपाई तिकडे."

"तिकडे कशाला? इथलं बेसिन काय वाईट आहे?"

मीही हसले होते.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाबा दोन मिनिटांचं काम म्हणून तीन नंबरमध्ये गेले. दोनच मिनिटं, म्हणून जाड जाकीट घातलं नाही. सुट्टी संपल्यावर माल काढायला दार उघडलं, तेव्हा ते दाराला टेकून बसलेले होते. उजव्या मुठीची कातडी सोलवटली होती. थंडीनं गेले की हृदय बंद पडून, हे डॉक्टरांना वेगळं करून सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर नवा दांडा बसला होता.

टेबलापाशी त्या दिवशी सात जण होते. सातही जणांनी एकसारख्या शब्दांत लिहून दिलं: दांडा चालू होता, आम्हाला काही ऐकू आलं नाही. कंपनीच्या अहवालात शेवटची ओळ होती, 'मृत्यूचे कारण: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.' तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, कामगार खात्याचे अधिकारी येऊन सुनावणी घेणार होते. तिथे कोणी वेगळं बोललं नाही तर ती ओळ कायमची.

आईनं अहवाल वाचून त्याची घडी घातली आणि तो डब्याखाली ठेवला. "सात जणांचे कप धुऊन घरी येणारा माणूस निष्काळजी," ती म्हणाली. "बाकी काही लिहा म्हणावं. तो शब्द त्यांच्या नावापुढे नको."

मी सातही जणांना एकेकटं गाठायचं ठरवलं. घोळक्यात माणूस घोळक्याचं बोलतो, एकटा सापडला तर स्वतःचं बोलेल, असं मी शिकवते. सहा जणांनी दारातूनच वाटेला लावलं. सहाही जण म्हणाले, "रेडिओला विचार."

रेडिओ म्हणजे तिथला फोर्कलिफ्टवाला. दिवसभर बोलतो म्हणून हे नाव. लहानपणी मला फोर्कलिफ्टवर बसवून चक्कर मारणारा हाच. मी गेले तेव्हा तो खिडकीशी बसून भिंतीकडे बघत होता.

"स्टेशन बंद ठेवलंत का काका?" मी विचारलं.

"तीन आठवडे झाले, बॅटरी उतरल्यासारखा बसलाय," काकू आतून म्हणाल्या. "आधी कटकट वाटायची. आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते."

"काका, दांडा तुटलेला होता ना?"

तो पुन्हा भिंतीकडे वळला. "बाळ, सगळ्यांनी जे लिहून दिलं तेच मी दिलं."

"सगळ्यांनी काय दिलं ते मी वाचलंय. तुम्हाला काय ऐकू आलं ते विचारतेय."

"सहा जण एक बोलतायत, त्यात मी एकटा वेगळं बोलू? सुपरवायझर उद्यापासून गेटवर उभं करणार नाही. आणि ते सहा जण म्हणतील, हा शहाणा."

"ते सहाही असंच म्हणत असतील."

"मग त्यांच्यापासून सुरुवात कर."

"केली. त्यांनी तुमच्याकडे पाठवलं."

त्यानं मान खाली घातली. काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "दुसरं कोणी बोललं ना, तर हा बोलेल. पहिला नाही बोलायचा. अगं, आमच्या लग्नालासुद्धा 'हो' आधी याच्या थोरल्या भावानं म्हटलं."

मी दरवर्षी हे फळ्यावर लिहिते. एकमत कितीही घट्ट दिसलं तरी ते मोडायला एकच माणूस पुरतो. तो एक माणूस कुठून आणायचा, हे पुस्तकात नसतं.

बुधवारी वर्ग होता. पाठ फिरवून मी लिहीत होते आणि दारावर टकटक झाली.

मला लगेच कळलं, मामा आहेत. हातातला खडू थांबला. मागे बाक करकरले, कोणीतरी खुदकन हसलं, मग शांतता. पुन्हा टकटक. मला वळता येईना. तीन. चार. मी फळ्यावरच्या अर्धवट अक्षराकडे बघत मोजत होते. मुठीनं वाजवलं तर आवाज कसा येईल, जाड दारातून दबून आलेला, असं काहीतरी डोक्यात चालू होतं. पाच. सहा.

"मॅडम," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "उघडू का?"

"विचारतेस काय," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

ती धावत गेली. दारात मामा हसत उभे. "या वर्षी सहालाच उठले का हो? हुशार आहे बॅच." मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. त्यांना आठवलं असावं. "बाई, माझ्या लक्षातच..." एवढं म्हणून त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे परीक्षेला किती मार्कांना येतं?"

"पाच," मी म्हणाले, आणि काहीतरी करायला हवं म्हणून टिपणांची वही उघडली. गेल्या वर्षीचं पान. माझंच अक्षर, वर तारीख. 'जबाबदारीची विभागणी. उदा. बाबांच्या कामावरचं तीन नंबरचं दार. आतला दांडा तुटलेला. आतून वाजवलं की बाहेरचे एकमेकांकडे बघतात. उठेल त्याने कप धुवायचे. (इथे मुलं हसतात.)'

मला हे आठवत नव्हतं असं मी म्हणू शकले असते. पण ते खरं नाही. त्या मंगळवारपासून त्या वहीला मी हात लावला नव्हता, आणि का लावला नव्हता हे मला ठाऊक होतं.

घरी आले तेव्हा आई बाबांचे शर्ट घड्या घालून एका पिशवीत भरत होती. मी वही तिच्यापुढे उघडी ठेवली. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं, कंसातलंसुद्धा.

"दांड्याचं मला वर्षभर माहीत होतं, आई. मी तक्रार नाही केली. त्याचा धडा केला."

"मला काय कमी माहीत होतं?" तिनं शर्टाची कॉलर सरळ केली. "मी ते बेसिनवर नेऊन हसण्यावारी घालवलं."

"ही वही दाखवली तर विचारतील, मग तुम्ही काय केलंत."

"विचारू देत." तिनं चष्मा काढला. "तारीख आहे ना वर? मग दाखव."

सुनावणी त्याच लांब टेबलाशी झाली, कारण ऑफिसात एवढ्यांना जागा नव्हती. एका बाजूला सात जण रांगेनं, टोकाला सुपरवायझर, समोर अधिकारीबाई आणि मी. तीन नंबरचं दार माझ्या पाठीशी होतं. यंत्रांची घरघर चालू होती, तिच्यातूनही टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज नीट ऐकू येत होता.

अधिकारीबाईंनी एकेकाला विचारलं. पहिला म्हणाला, दांडा चालू होता, काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यानं पहिल्याकडे बघून तेच सांगितलं. तिसऱ्यापासून वाक्य आखूड होत गेलं. रेडिओ सहावा होता. तो नुसता म्हणाला, "तेच."

"तुम्हाला काही सांगायचं आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी पान वाचून दाखवलं. कंसातलं वाक्यही गाळलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, वहीत काय, कोणी काहीही लिहील."

"साठ मुलांसमोर शिकवलंय," मी म्हणाले. "त्यांच्या वह्यांतही असेल. तारखेसकट."

अधिकारीबाईंनी वही ओढून घेतली, तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे दांडा तुटल्याचं तुम्हाला वर्षभर माहीत होतं?"

"हो."

"वडील रोज त्या खोलीत जातात हेही?"

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"शिकवलं," मी म्हणाले.

मी माझ्या हातांकडे बघत होते. मग समोरून एक खुर्ची सरकली.

"ऐकू आलं होतं," रेडिओ म्हणाला.

सुपरवायझरनं त्याचं नाव घेतलं. त्यानं तिकडे बघितलं नाही. "दांडा तुटलेलाच होता. सात वेळा वाजलं."

"सात नाही," पहिला माणूस हळू आवाजात म्हणाला. "नऊ. शेवटचे दोन बारीक होते."

"मधे थांबलं होतं," तिसरा म्हणाला. "मला वाटलं, कोणीतरी उघडलं."

"कोण उघडणार? सगळे तर इथेच होते," रेडिओ म्हणाला.

"एवढं स्वच्छ ऐकू येत होतं," अधिकारीबाईंनी विचारलं, "मग उठलं का नाही कोणी?"

टकटक इतकी अचूक मोजणं अकरा वर्षांत माझ्या कोणत्याही वर्गाला जमलं नव्हतं. शेवटी रेडिओ माझ्याकडे बघून बोलला. त्याला ते माझ्याकडे बघूनच सांगायचं असावं.

"नेहमी हिचे बाबा उठायचे. ते ऑफिसात गेले असतील, येतील, उघडतील, असं वाटलं. आम्ही त्यांचीच वाट बघत होतो गं."

अधिकारीबाईंनी ते लिहून घेतलं. नवा जबाब वाचून दाखवला आणि कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. पहिली सही रेडिओनं केली. मग पहिल्या माणसानं, मग तिसऱ्यानं. बाकीचे चौघे कपात बघावं तसे टेबलाकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, तीन पुरेत.

घरी आईनं विचारलं, "गेला का तो शब्द?"

"जाईल," मी म्हणाले. "अहवाल पुन्हा लिहिणार आहेत."

"आणि वाजवलं होतं त्यांनी?"

मी खुर्चीत बसले. तिनं प्रश्न पुन्हा विचारला नाही, पण नजरही काढली नाही.

"हो," मी म्हणाले. "नऊ वेळा."

ती उठली. बेसिनमध्ये सकाळचे दोन कप पडले होते, ते तिनं धुतले, पुसले, पालथे घातले. मग नळ तसाच चालू ठेवून बराच वेळ तिथे उभी राहिली.