घोंगडी, काळी, ओली, नग एक

मुकुंद अष्टपुत्र्यांना देवापेक्षा फ्रेंच कागदाचा धाक जास्त. तसं त्यांचं चुकत नव्हतं म्हणा. चिकलठाण्याच्या ज्या शेडचे ते सुपरवायझर होते, तिथं रणगाडे फोडणाऱ्या क्षेपणास्त्राची तार रिळावर गुंडाळली जाई. क्षेपणास्त्र मूळचं फ्रेंच, आपल्याकडं परवान्यावर बनायचं. ते सुटलं की मागं केसाएवढी बारीक तार उलगडत जाते आणि सैनिक त्या तारेतून त्याला वळवतो. तार मध्येच तुटली की खेळ खलास. म्हणून फ्रेंचांनी एकशे बारा पानं लिहून दिली होती आणि मुकुंदराव त्यातला स्वल्पविरामसुद्धा कुणाला हलवू देत नसत. "बघायला आले तेव्हा ह्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पत्रिकेकडं चारदा," असं त्यांच्या बायको भानुमतीबाई पाहुण्यांना हसत सांगायच्या.

सलग तिसरं कोरडं साल होतं ते. शहर मात्र फुगतच चाललेलं. सिडकोत रोज नवं घर उठायचं आणि जुन्या घरांचे नळ आठवड्यातून एकदा खोकायचे. शेडला टँकर एक दिवसाआड. अशात रिळं नापास व्हायला लागली. चाचणीला तार ओढली की अर्ध्यावर अडकायची आणि तुटायची. दहातली सात! शनिवारी फ्रेंच तपासनीस येणार होता. त्याच्यासमोर सलग दहा रिळं पास झाली नाहीत तर काम दुसऱ्या गावाला जाणार आणि शेडला टाळं लागणार.

मुकुंदरावांनी एकशे बारा पानं तीनदा वाचली. सगळं बिनचूक. एक्केचाळिसाव्या पानावर प्रश्न होता, खोलीत हवा दमट करणारं यंत्र आहे का? त्यांनी कधीच "आहे" लिहून सही ठोकलेली. यंत्र होतंच की! फेब्रुवारीपासून त्यात पाण्याचा थेंब नव्हता, पण तसं कागदानं विचारलं कुठं होतं?

बुधवारी सकाळी ते खोलीत शिरले आणि जागच्या जागी थबकले. खिडकीला एक काळी घोंगडी टांगलेली, खाली बादली, बादलीत टपटप पाणी. शेजारी झाडू घेऊन मंजुळाबाई उभ्या. सिल्लोडकडच्या धनगराघरच्या. दुष्काळात मेंढरं विकली आणि शहरात झाडलोटीला लागल्या.

"हे काय आहे? कुठल्या पानावर लिहिलंय हे?"

"पान म्या वाचत नाय, सायेब. पर कोरड्या हवेत लोकरीचं सूत बी असंच फिस्कारतं अन् तुटतं. आमची सासू उन्हाळ्यात वली घोंगडी टांगल्याबिगर कातायला बसत नाय. म्हनून पहाटंच टांगली."

"इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही घोंगडीला पाजताय? द्या तो फाटकाचा पास इकडं!"

मंजुळाबाईंनी पास दिला. घोंगडी पिळली, निथळलेलं सगळं बादलीत धरलं आणि बादली घेऊन फाटकाबाहेर गेल्या.

गुरुवारी चाचणी झाली. बुधवारी सकाळी, घोंगडी होती तेवढ्या वेळात, चार रिळं भरली होती. चारही पास. घोंगडी गेल्यानंतरची सगळी नापास. मुकुंदरावांनी एक्केचाळिसावं पान पुन्हा उघडलं आणि स्वतःच्याच सहीकडं बघून त्यांचे कान तापले.

संध्याकाळी ते शेडमागच्या वस्तीत गेले. टँकरच्या रांगेत मंजुळाबाई आणि त्यांची सासू कडूबाई हंडे घेऊन उभ्या होत्या.

"आलं का तारवालं सायेब!" म्हातारी कडाडली. "घराला दोन हंडे मिळत्यात. त्यातला एक हिनं तुमच्या तारंला पाजला, अन् तुमी हिलाच हाकललं व्हय?"

म्हणजे पाणी शेडच्या टँकरचं नव्हतंच, मंजुळाबाईंच्या घरचं होतं. मुकुंदरावांना इतकी लाज वाटली की नजर कुठं ठेवावी कळेना.

"चुकलं माझं, मंजुळाबाई," ते म्हणाले. "उद्या कामावर या. घोंगडी घेऊन या."

"येते की. पर कुठल्या पानावर लिव्हलंय ते?"

शुक्रवारी मुकुंदरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एक पान स्वतः लिहिलं. पान एकशे तेरा: घोंगडी, काळी, ओली, नग एक. दर तासाला भिजवणे. पद्धत सुचवणाऱ्या: मंजुळाबाई.

शनिवारी दहाच्या दहा रिळं पास! तपासनीसानं घोंगडीचा वास घेतला, दोनदा शिंकला आणि पान वाचलं. दुभाष्याकरवी एकच विचारलं, पाणी कुठून आणता? मुकुंदरावांनी मंजुळाबाईंकडं पाहिलं, पेन काढलं आणि खाली लिहिलं: पाणी, सुपरवायझरच्या घरून, रोज एक हंडा. तपासनीसानं सही केली. आता ते कागदावर आलं होतं, म्हणजे सुटका नव्हती.

सोमवारी सकाळी मुकुंदराव स्कूटरवर पुढं हंडा धरून फाटकात आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मंजुळाबाईंनी हंड्यात डोकावून पाहिलं.

"निम्मा तर वाटंतच सांडला की, सायेब," त्या म्हणाल्या. "द्या इकडं. उद्यापासून डोक्यावर आना."

मुकुंदरावांनी खिशातून पान एकशे तेरा काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.