कोरड्याचा मीटर

माझ्या बहिणीचा मुलगा लहानपणी अंघोळीलाही घाबरायचा, म्हणून घरात सगळे त्याला कोरड्या म्हणायचे. तर हा कोरड्या मोठा होऊन चक्क नदीचा साहेब झाला. नदीवरची लोखंडी दारं कधी उघडायची, कधी लावायची, पाणी चांगलं की वाईट, सगळं त्याच्या हातात. देव तरी कुणाला काय देईल, नेम नाही!

बडे पाहुणे नावेतून नदी बघायला येणार म्हणून त्याने सगळी दारं गच्च लावून टाकली. नदी तुडुंब दिसली पाहिजे ना! दारांच्या वरच्या अंगाला माझे मासे, पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेले. वर्षभर पोटच्या पोरांसारखं खाऊ घातलं होतं त्यांना. पाणी तुंबलं, हिरवं झालं, वास सुटला. एके सकाळी बघते तर मासे वर येऊन आ वासून हवा गिळतायत. तशीच थेट त्याच्या ऑफिसात गेले.

"कोरड्या, एक दार तरी वीतभर उघड. मासे गुदमरतायत माझे."

चारचौघांत त्या नावाने हाक मारली म्हणून साहेबांचं तोंड वाकडं झालं. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "मावशी, हे बघ. पाण्यातला प्राणवायू उत्तम. हिरवा दिवा आहे."

"पाणीसुद्धा हिरवंच आहे, मेल्या! मीटर टांगलाय कुठे?"

"दाराच्या खाली. वरून पाणी सांडतं ना, तिथे."

"अरे, तिथे पाणी आपटून फेसाळतं, हवा मिसळते त्यात. तिथे उत्तमच येणार! आधी वर होता ना तो?"

"वर सारखा लाल दिवा लागायचा," तो गंभीरपणे म्हणाला. "बिघडला असणार. खाली टांगल्यापासून एकदाही तक्रार नाही."

म्हणजे पोराचा ताप उतरेना, तर थर्मामीटर शेजारणीच्या तोंडात! मी कपाळावर हात मारून घेतला. गयावया केली, त्याच्या आईची आठवण करून दिली, शेवटी शिव्याही घातल्या. "पाहुणे जाईपर्यंत थांब गं," एवढंच त्याचं पालुपद.

पाहुणे आले तेव्हा माझे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. नाव पिंजऱ्यांजवळून गेली. पाहुणे खूश होऊन म्हणाले, "वा, केवढे मासे! आपल्याला बघायला वर आलेत." कोरड्याने मान डोलावली. मी काठावर ढसाढसा रडत होते. लोकांना वाटलं, भाच्याच्या कौतुकाने मावशीला भरून आलं.

दुपारी त्याचा फोन आला. "मावशी, पाहुण्यांना जेवायला इथलेच ताजे मासे हवेत. तुझ्याकडचे पाठवतेस का?"

"माझे मेले सगळे. तुझ्या मीटरवर जिवंत असतील, तिथून पकड."

तो हळूच म्हणाला, "मग आता उघडू का दार?"

"उघड ना. पण आधी पाण्यात उतर आणि माझे मेलेले मासे स्वतःच्या हातांनी बाहेर काढ. तेवढीच तुझी अंघोळ होईल."