शुक्रवारी सात ते आठ

एस्कोने दारू सोडली त्याला सोमवारी एकशे चौदा दिवस झाले, आणि तेवढ्या दिवसांत त्याने अकरा प्रकारांनी निवांत होऊन पाहिलं होतं. त्याची रीतसर नोंद होती. ऑक्टोबरात आरोग्य केंद्रातल्या नर्सने यकृताचे आकडे त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली की बाटली सुटली की मन सैल करायला दुसरं काहीतरी लागेल, काहीतरी नैसर्गिक, ते शोधून ठेवा. दुसरा कुणी मान डोलावून घरी गेला असता. एस्को कागद कारखान्यात तापमानाची आणि दाबाची यंत्रं तपासून बिनचूक करायचा. ‘शोधा’ म्हटल्यावर तो शोधायला लागला. त्याने वही घेतली आणि चार रकाने आखले: उपाय, आधीचे नाडीचे ठोके, नंतरचे ठोके, शेरा.

शेऱ्याच्या रकान्यात त्याची बायको मार्युतही पेन्सिलीने लिहायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि निवांत असल्याचं सोंग आणणारी माणसं तिने तीस वर्षं जवळून पाहिली होती.

पहिला उपाय काठ्या घेऊन चालण्याचा. आधी चौऱ्याहत्तर, नंतर शहात्तर. दुसरा, गोठलेल्या तळ्यात भोक पाडून त्यात उतरण्याचा. आधी अठ्ठ्याऐंशी, नंतर एकशे एकतीस. ‘पुन्हा नको,’ असं एस्कोने लिहिलं होतं. त्याखाली मार्युतने: ‘रांगेत मागे उभ्या असलेल्या आजी मात्र निवांत वाटल्या.’ श्वासाचा व्यायाम करताना फोनमधली बाई चार मोजायला चार पूर्णांक दोन सेकंद घेते हे त्याच्या लक्षात आलं आणि त्या चिडीत त्याची रात्र गेली. जंगलात वीस मिनिटं नुसतं बसायचं होतं, तर त्याने दहा मीटर चौकोनातली पाइनची झाडं मोजली. विणकामात प्रत्येक टाका पट्टी लावून मोजला. तिथला मार्युतचा शेरा असा: ‘एक मोजा झाला. दुसरा पाय वाट बघतोय.’

त्या सोमवारी तिने अख्खी वही चाळली आणि विचारलं की अकरा उपाय झाले, यात सौना कुठे आहे. एस्को म्हणाला, सौना हा उपाय नाही, ती आंघोळ आहे.

“हो का,” मार्युत म्हणाली, आणि वही मिटून त्याच्या हातात दिली. ते एस्कोला जास्त लागलं.

सौना त्या वहीत नव्हता याला कारण होतं. इमारतीच्या तळघरातल्या सौनात शुक्रवारी सात ते आठ ही वेळ एकोणीस वर्षं एस्को आणि तळमजल्यावरचा कालेर्वो या दोघांची होती. कालेर्वो निवृत्त बसचालक, एकटा राहणारा. दोघे आत लाकडी फळ्यांवर बसायचे, तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचे, वाफ सोसेनाशी झाली की टॉवेल गुंडाळून मागच्या अंगणातल्या बाकावर येऊन बसायचे. हातात एकेक बाटली, अंगातून धूर निघतोय, समोर बर्फ. असे तीन फेरे. तासाभरात दोघांचं मिळून वीसेक शब्द बोलणं व्हायचं आणि त्यातले बरेचसे हवामानाबद्दल असायचे. एस्कोला आयुष्यात याहून निवांत काही माहीत नव्हतं. पंचाईत एवढीच की बाकावरच्या बाटलीनंतर तो घरी जाऊन आणखी पाच उघडायचा, आणि शनिवारी परत. त्याला भीती सौनाची नव्हती, त्या बाकाची होती.

म्हणून ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी जिन्यात कालेर्वो भेटला तेव्हा तो म्हणाला होता की गुडघा दुखतोय, काही दिवस येणार नाही. कालेर्वो “हं” म्हणाला. पुढे विचारलं नाही. दुसऱ्याच्या गुडघ्याबद्दल खोदून विचारणं त्यांच्यात बसत नाही.

मंगळवारी संध्याकाळी एस्को कामावरून आला तर जिन्याजवळच्या फळ्यावर चिठ्ठी होती. सोसायटीचं काम बघणाऱ्या रित्वाने लिहिलं होतं की शुक्रवारची सात ते आठची वेळ एक मार्चपासून मोकळी होत आहे. इच्छुकांची यादी अकरा घरांची असून पहिला नंबर सी जिन्यातल्या नव्या जोडप्याचा आहे. खाली बारीक अक्षरात: ‘सध्याच्या सभासदाने वेळ स्वतःहून सोडली.’

एस्कोने ती चिठ्ठी दोनदा वाचली. आपण सोडलेली नाही, म्हणजे कालेर्वोने सोडली. एकशे पंधरा दिवस तो बाकापासून लांब पळत होता, पण बाक जागच्या जागी आहे आणि कधीतरी आपण परत जाऊ, हे त्याने मनात धरून ठेवलं होतं. ते गेलं तर सगळं आयुष्य काठ्या टेकत चालायचं आणि मोजे विणायचे, एवढंच उरत होतं.

मार्युतला त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जा आणि त्याच्याशी बोल. एस्कोने विचारलं, काय बोलू. ती म्हणाली, “खरं ते बोल. चव बदल म्हणून.”

न कळवता कुणाच्या दाराची घंटा वाजवणं त्या इमारतीत सहसा होत नसे. बुधवारी सहा वाजता एस्कोने ती वाजवली. कालेर्वोने दार उघडलं, त्याच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. त्याने आधी एस्कोकडे, मग छताकडे पाहिलं.

“काही गळतंय का?”

“नाही.”

“मग काय झालं?”

एस्को म्हणाला, फळ्यावरची चिठ्ठी वाचली. कालेर्वो बाजूला झाला आणि त्याला आत घेतलं. एका माणसासाठी तासभर शेगडी तापवायची हे बरं दिसत नाही, तो म्हणाला. शिवाय सी जिन्यातल्या पोरीला दिवस गेलेत, त्यांना वेळ मिळू दे, शेगडी कोमट ठेवतील. एस्को म्हणाला, मी परत येणारच होतो, पण गुडघा.

“गुडघा,” कालेर्वो म्हणाला. “रोज सकाळी माझ्या खिडकीवरून काठ्या आपटत जातोस, तोच ना?”

कालेर्वोने बटाटा सोलून संपवला.

“पाण्यावरून रागावलास ना? सप्टेंबरात मी बोललो होतो. दगडांवर पाणी टाकतोस की आजाऱ्याला चमच्याने औषध पाजतोस, असं. घरी आल्यावर वाटलं, जास्तच बोललो.”

एस्कोला ते वाक्य आठवतही नव्हतं. आणि हा बाबा चार महिने ते उराशी धरून एकटा वाफेत बसला होता.

“मी दारू सोडली,” एस्को म्हणाला. “अकरा ऑक्टोबरला. बाकावर बसलो तर परत सुरू होईल म्हणून येत नव्हतो. तुझ्या हातात बाटली असणार, मी नुसता बघत बसणार. मला जमणार नाही असं वाटलं.”

कालेर्वोने सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली. मग त्याने फ्रिज उघडून एक तपकिरी बाटली टेबलावर ठेवली. तारेच्या बुचाची, वर लेबल नाही. शुक्रवारची बाटली.

“यात काय असतं असं तुला वाटत होतं?”

“बिअर.”

“कोटिकाल्या. घरी करतो. माल्ट, साखर, चिमूटभर यीस्ट. नाताळात पोरंसुद्धा पितात ती.”

“एकोणीस वर्षं?”

“अठरा. पहिला हिवाळा बिअर होती.” मग तो नेहमीपेक्षा बरंच लांब बोलला. एका सोमवारी सकाळी बस चालू होईना. निघण्याआधी ज्यात फुंकायचं ते यंत्र नवंच बसवलं होतं आणि त्याने आदल्या रात्रीची ओळखली. थांब्यावर चाळीस माणसं थंडीत उभी, सगळी आपली याच्याकडे बघतायत आणि कुणी काही बोलत नाही. “कुणीतरी शिवी दिली असती तर बरं झालं असतं,” तो म्हणाला. त्या दिवशी सोडली.

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस.”

एस्को त्या बाटलीकडे बघत राहिला. कारखान्यात तापमान एका अंशाच्या दहाव्या भागाने हललं तरी त्याला कळायचं, आणि हाताच्या अंतरावरची बिनलेबलाची बाटली त्याला अठरा वर्षं दिसली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे दर शनिवारी सकाळी आठ वाजता कालेर्वो अंगणातला बर्फ फावड्याने सरळ रेषेत काढत असायचा, आणि एस्को डोकं धरून खिडकीतून बघत म्हणायचा की काय पचवतो हा माणूस. त्याने हे कालेर्वोला सांगितलं. कालेर्वोच्या खांद्यांना हलका हिसका बसला. म्हणजे तो हसला.

मग एस्कोने विचारलं की यात प्रमाण किती असतं. कालेर्वो म्हणाला, कशाचं. एस्को म्हणाला, अल्कोहोलचं, यीस्ट आहे म्हणजे थोडं तरी होणार, कदाचित एक टक्का. कालेर्वो म्हणाला, मी काही मोजत नाही.

“मला एक टक्काही चालणार नाही,” एस्को म्हणाला. “बाटलीसुद्धा चालणार नाही. हातात नुसती आली तरी पुढचं सगळं आठवतं.”

“मग तू हात मोकळे ठेव,” कालेर्वोने बाटली परत आत ठेवली. “मीही ठेवतो. पहिलं वर्षभर मी तुझ्या बाटलीकडे बघायचो. तू बर्फाकडे बघत असायचास, म्हणून कळलं नाही.”

त्याच संध्याकाळी दोघे मिळून रित्वाकडे गेले. रित्वानेही आधी विचारलं की काही गळतंय का. वेळ परत हवी आहे हे ऐकल्यावर ती म्हणाली की यादीतल्या लोकांना तिने कळवून टाकलंय, आता मागे घ्यायचं तर तसं कारण लागेल. चार महिने एकच माणूस शेगडी तापवत होता, सोसायटी रिकाम्या फळ्यांना वाफ देण्यासाठी वीज जाळत नाही. दोघे खरंच येतायत का ते ती या शुक्रवारी बघेल आणि मग ठरवेल. तिची स्वतःची वेळ त्यांच्या पाठोपाठ, आठ ते नऊ होती. तेव्हा तिला आपोआप कळणारच होतं.

शुक्रवारी साडेसहाला एस्को टॉवेल शोधायला लागला. तो मार्युतने आधीच काढून ठेवला होता, इस्त्री करून. नवरदेव निघालाय, ती म्हणाली, आणि साज तेवढा राहिला म्हणत त्याच्या डोक्यावर लोकरीची सौनाटोपी बसवली. दारापर्यंत पोचवून तिने त्याचा दंड जरा वेळ धरून ठेवला. तेवढं सोडलं तर तिला काळजी वाटत होती हे कळायला काही जागा नव्हती.

आत सगळं तसंच होतं. पहिल्या फेऱ्याला एस्कोने मुद्दाम पळी भरून पाणी टाकलं, आणि कालेर्वो वरच्या फळीवरून एक फळी खाली आला. मग ते बाहेर आले आणि बाकावर बसले. उणे चौदा अंश. दोघांचेही हात मोकळे.

एस्कोला वाटलं होतं की इच्छा हळूहळू, आडून येईल. ती सरळ समोरून आली. घशात, जिभेच्या मुळाशी, उजव्या हाताच्या तळव्यात. तळव्यात बाटलीचा आकार इतका स्पष्ट जाणवत होता की त्याने मूठ मिटून पाहिली. घर चार मजले वर होतं. दुकानात बिअर नऊपर्यंत मिळते. हा हिशोब त्याच्या डोक्याने त्याला न विचारता केला.

“आत्ता हवीशी वाटतेय,” तो म्हणाला.

“किती?”

दुसरी वेळ असती तर एस्कोने आकडा दिला असता. “खूप,” तो म्हणाला.

“हं.” कालेर्वो उठला नाही. “माझ्या वेळी मला थांब्यावरची ती माणसं आठवायची. त्यात एक हिरवी टोपी घातलेली बाई होती. ती कशी बघत होती सांगतो.” आणि तो सांगू लागला. हिरव्या टोपीची बाई पुढे अकरा वर्षं त्याच्या बसने जात होती आणि तिने त्या सकाळचा विषय एकदाही काढला नाही. फक्त निवृत्तीच्या दिवशी उतरताना म्हणाली की त्या सोमवारी मी नोकरीवर अर्धा तास उशिरा पोचले होते. एस्को हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की मूठ सुटली आहे. कधी सुटली ते कळलं नव्हतं.

पाय बधिर झाले म्हणून ते आत गेले. आत एस्कोने त्याला सांगितलं की शनिवारी रात्री रिकाम्या बाटल्या तो कुठे लपवायचा आणि मार्युतला ती जागा पहिल्या दिवसापासून कशी माहीत होती. बाहेर आल्यावर इच्छा पुन्हा आली, पहिल्यापेक्षा कमी नव्हती, आणि त्याने पुन्हा तसं सांगितलं, आणि कालेर्वोने दुसरी गोष्ट काढली. तिसऱ्या फेऱ्यानंतर एस्को वेड्यासारखा तळ्यातल्या भोकाबद्दल बोलत सुटला, रांगेतल्या आजींसकट. कालेर्वोला एवढं हसू आलं की त्याचा टॉवेल सुटला. मग दोघे चौथ्यांदा आत गेले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

ते वरच्या फळीवर बसले होते आणि एस्को झाडं मोजल्याचं सांगत होता, तेव्हा दारावर टकटक झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या इमारतीत माणसं एकमेकांची बरीच दुखणी पोटात घालायची, पण दुसऱ्याच्या सौनाची मिनिटं खाणं कुणी विसरत नसे. ते टॉवेल सावरत बाहेर आले. कपडे बदलायच्या खोलीत रित्वा आणि तिची बहीण झगे घालून, हातात बादल्या घेऊन उभ्या होत्या.

“आठ वाजून सात मिनिटं झाली,” रित्वा म्हणाली.

“बोलत बसलो होतो,” कालेर्वो म्हणाला.

रित्वाने त्याच्याकडे पाहिलं, मग एस्कोकडे.

“कोण?”

“आम्ही,” एस्को म्हणाला.

तिने त्यांच्या मागे कोपऱ्यात एक नजर टाकली. रिकामी बाटली तिथे एकही नव्हती. दोघे लालबुंद, ओले, आणि शाळेत पकडल्यासारखे उभे होते. बहिणीने तोंड फिरवलं कारण तिला हसू आवरत नव्हतं. रित्वाने बादली खाली ठेवली.

“पुढच्या शुक्रवारी,” ती म्हणाली, “जे काय बोलायचं असेल ते आठच्या आत बोला.”