कान शाबूत आहेत

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी क्रेन ऑपरेटरला ऐकू येईनासं झालं. खालून वॉकीटॉकीवर इशारे देणारा जोडीदार "थांब, थांब" ओरडत असताना लोखंडी तुळई त्या जोडीदाराच्याच हातावर उतरली होती. हात वाचला, दोन बोटं गेली. चौकशी लागली आणि ह्याचे कान बंद! साइटवर लोक म्हणाले, "बरं सोंग काढलंय."

बायको त्याला कानांच्या तपासणीला घेऊन आली. कान गेले असतील तर नोकरी गेली. शाबूत निघाले तर नवरा खोटारडा. देवाकडे मागायचं तरी काय?

तपासणाऱ्या मॅडमनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, वर्तमानपत्र हातात दिलं आणि मोठ्याने वाचायची खूण केली. तो संथपणे हवामानाची बातमी वाचू लागला. मॅडमनी बटण फिरवलं.

"आता त्यांच्या कानात गोंगाट सोडलाय. ऐकू येत नसेल तर आवाज आहे तसाच राहील."

त्याचा आवाज चढला. बटण खाली, आवाज खाली. पुन्हा वर, तर तो ओरडूनच वाचायला लागला. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता.

बायको मॅडमकडे वळली. "म्हणजे नाटक करतोय? माझ्याशीसुद्धा?"

"ते हे यंत्र सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "मनाला धक्का झेपला नाही की असंही होतं. कान धड असतात, पण माणसाला खरंच ऐकू येत नाही."

त्यांनी कागदावर लिहून त्याच्यासमोर धरलं : 'कान शाबूत आहेत. पुन्हा ऐकू येईल.'

त्याने वाचलं. चेहरा पांढराफटक पडला.

"मग त्या दिवशी," तो बायकोला म्हणाला, "तो ओरडला ते मला ऐकू आलं होतं का गं?"

हे त्याला अजून कोणी विचारलंच नव्हतं. तिने नुसता त्याचा हात धरला. सोंगाचा संशय तिच्या मनातून तिथेच गेला.

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू झाल्या. एका सकाळी तो म्हणाला, "नळ गळतोय."

भाजी चिरता चिरता ती पाठमोरीच थबकली. "कधीपासून येतंय ऐकू?"

"कालपासून. इतक्यात कोणाला सांगू नकोस."

ती "बरं" म्हणाली खरी, पण सुरी तिने खाली ठेवली.

चौकशीला मात्र त्याने स्वतःच तोंड उघडलं. "ऐकू आलं होतं, साहेब. हात वेळेवर हलला नाही." ती बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं.