दिवसाउजेडी

कारखान्यात कापडाच्या मेजापाशी दहा तास उभा राहून कटर मास्तर शनिवारी संध्याकाळी घरी परतला, तेव्हा त्याच्या पायांत त्राण उरले नव्हते. वाद घालण्याची खुमखुमी मात्र शाबूत होती. बूट न काढताच तो खाटेवर टेकला.

"रात्री दहाला निघू. पहाटेपर्यंत माथा गाठू."

बायको बाटल्या विसळत होती. तिचाही दिवस इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी उपसण्यात गेला होता. "अहो, माझी कंबर मला ओळख देत नाहीये. सकाळी जाऊ."

"दिवसा ऊन लागतं."

"आभाळ आहे."

"दिवसा गर्दी."

"त्या डोंगरावर? हवामान केंद्रातली दोन माणसं सोडली तर तिथे काळं कुत्रं फिरकत नाही."

त्या दोघांपैकी एक त्यांची मुलगी होती आणि दुसरा तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी, स्वतःच जमवलेल्या लग्नाला निघताना ती निरोप घेण्यास याच खोलीत आली, तेव्हा मास्तर घरी शिवायला घेतलेल्या सदऱ्याचे कापड कापीत होता. ती पुष्कळ वेळ उभी राहिली. त्याने मान वर केली नाही. ती गेल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आपण कापलेल्या दोन्ही बाह्या डाव्याच हाताच्या आहेत. त्यानंतर मुलीची पत्रे आली ती आईच्या नावे. गेल्या महिन्यातल्या पत्राच्या शेवटी एकच ओळ त्याच्यासाठी होती: बाबांना यायचे असेल तर मी अडवणार नाही, बोलावणारही नाही.

"शिवाय रात्री चढ दिसत नाही, म्हणून दमही कमी लागतो," मास्तरने पुढचा मुद्दा काढला.

बायकोने बाटलीचे झाकण करकचून लावले. "मुद्दे पुरे झाले. कारण सांगा."

मास्तरने एका पायातला बूट काढला. "मधल्या वळणापासून सगळी वाट तिच्या अंगणातून दिसते म्हणतात. दोन तास ती मला येताना बघणार. दार लावून घ्यायला दोन तास पुष्कळ झाले. अपरात्री दार वाजवलं, की माणूस उघडतोच."

"म्हणजे पोरीला झोपेतून उठवून कोंडीत धरायचं! तुम्ही दोन वर्षं घेतलीत. तिला दोन तास द्या."

नवा मुद्दा शोधण्याइतका तो ताजा नव्हता. एका पायातला बूट तसाच ठेवून तो झोपी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघे वळणावर पोहोचली. वर, अंगणाच्या कडेला, एक बारीक आकृती उभी होती. मास्तर दगडावर बसला.

"परत जाऊ या," तो पुटपुटला.

"जा. ती बघतेच आहे."

काळोखात तो दहादा माघारी फिरला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. आता मात्र फिरणे म्हणजे तिच्याकडे दुसऱ्यांदा पाठ करणे होते. तो उठला; थोडे चालला; पुन्हा बसला; पुन्हा उठला. आपले हे धापा टाकणे वरून स्वच्छ दिसत असणार, या जाणिवेने त्याचे कान तापले. मग एकदा त्याने वर पाहिले, तो अंगण रिकामे होते.

तरी तो चालत राहिला.

अर्ध्या तासाने वरून जावई उतरत आला. त्याच्या हातात काठी होती. नमस्कार करून तो जरा अडखळला.

"तिने विचारलंय, आजच उतरणार का? तसं असेल तर इथूनच परत जा म्हणाली. चढ-उतार एका दिवसात तुम्हाला झेपायचे नाहीत. राहणार असाल तर या."

उद्या सोमवार होता. बावीस वर्षांत मास्तरने कामावर एकही खाडा केला नव्हता. त्याने बायकोकडे पाहिले. ती शांतपणे पाणी पीत होती.

"राहतो," तो म्हणाला. आणि लगेच, "पण मला काही झालेलं नाही म्हणावं."

"ते तुम्हीच तिला सांगा. तुम्ही सात वेळा बसलात. तिने मोजलंय."

मास्तरने काठीसाठी हात पुढे केला.