टेकडी मागे, तळं पुढे

तिक-होने टेकडी पहिल्यांदा उभी केली तेव्हा ती घराच्या मागे होती. मागे टेकडी, पुढे पाणी. पाठीला टेका, डोळ्याला गारवा. बागेचं एवढं गणित किनमेन बेटावरच्या कोंबड्यांनाही पाठ असतं. त्याने अंगणात तळं खणलं, निघालेली माती ढकलगाडीने परसात नेऊन ओतली आणि वर बांबू लावला. टेकडी जेमतेम कमरेइतकी झाली.

"ड्रॅगनला टेकायला पुरेल का एवढी?" त्याने फेंगशुईवाल्या लू मास्तरांना विचारलं.

"ड्रॅगन समजूतदार असतो," मास्तर म्हणाले. "माणसांचं सांगता येत नाही."

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. वडील गेल्यापासून तिला झोप नव्हती. घरात वारा नीट खेळत नाही, असं तिचं म्हणणं. समुद्रापलीकडे तैचुंग शहरात राहणाऱ्या थोरल्या बी-हुआताईने फोनवर धोशा लावला होता, "आई, इकडेच ये कायमची. आमच्याकडे लिफ्ट आहे." शेवटी आईने निकाल दिला होता. पौर्णिमेच्या सणापर्यंत बाग मार्गी लागली आणि झोप आली तर ती इथेच राहील, नाहीतर लेकीकडे जाईल. तिक-हो अडतिशीचा, बिनलग्नाचा. ज्वारीच्या दारूच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं सरळ बसलीत का, हे बघायची त्याची नोकरी. आई गेली की संध्याकाळी घरात बोलणारा फक्त भाताचा कुकर उरणार होता, आणि त्याच्याशी वाद घालण्यात मजा नव्हती.

घोटाळा झाला तो तळ्यामुळे. खणताना जुन्या लढाईतला तोफगोळा निघाला. त्यात नवल काही नव्हतं, या बेटावर गोळे रताळ्यांसारखे निघतात. लोहार आला, गोळा तपासून सुऱ्या करायला घेऊन गेला. पण दुसऱ्या दिवशी लू मास्तरांनी तळ्याच्या काठावर आपलं थाळीएवढं होकायंत्र ठेवलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"सुई फिरली," ते म्हणाले.

"कुठे?"

"उत्तरेकडे. म्हणजे मागच्या वेळी ती उत्तरेकडे नव्हती. गोळ्याकडे बघत होती."

"मग आता?"

मास्तरांनी घराकडे पाहिलं, परसाकडे पाहिलं, पुन्हा घराकडे पाहिलं. "आता असं आहे बाळा, की तुझं पुढचं दार हे मागचं दार आहे."

"पण मास्तर, उत्तर कुठली हे सूर्यावरूनही कळलं असतं की!"

"सूर्याला फेंगशुईतलं काय कळतं?" मास्तर दुखावल्या स्वरात म्हणाले.

तिक-हो फावडं आणायला गेला. परस आता पुढे झालं होतं आणि पुढे टेकडी म्हणजे घराच्या नाकावर उशी. अंगण मागे गेलं होतं आणि मागे तळं म्हणजे बसायला जावं आणि पाण्यात पडावं. त्याने तळ्यात नुकतेच सोडलेले लालसर मासे अंघोळीच्या टबात हलवले, टेकडी फोडली आणि तीच माती घराला वळसा घालून तळ्यात ओतली. परसात नवं तळं खणलं. त्यातून निघालेल्या मातीची अंगणात टेकडी झाली. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त उलटं.

माणसांची मात्र पंचाईत झाली. पुढून, म्हणजे स्वयंपाकघरातून, आत यायचं असा आईचा हुकूम सुटला. पोस्टमन लसणाच्या माळांखालून वाकून येऊ लागला आणि आल्यासारखा कालवांचा घावन खाऊन जाऊ लागला. शेजारच्या सुन काकू जुन्या दाराशी उभं राहून हाका मारत. आई आतून ओरडे, "अगं, मागच्या दाराशी काय उभी राहतेस चोरासारखी! पुढून ये!"

"मी पुढेच आहे!"

"तू मागे आहेस! तुला कुणी सांगितलं नाही का?"

असं सगळ्या गल्लीला समजावता समजावता आईचा दिवस सरायचा. तिला झोप लागते का, हे विचारायचं तिक-होला धाडस होईना. लागत नसेल तर ती जाणार, आणि लागत असेल तर घोरण्याचा आवाज का येत नाही?

सुन काकूंनी वैतागून आपले खो मास्तर आणले. खो मास्तर होकायंत्र वापरत नसत. जमिनीचा उतार बघत, वारा नाकाने घेत, आणि सुई म्हणजे आंधळ्याची काठी असं म्हणत. त्यांनी नाक वर करून दोन्हीकडचा वास घेतला.

"समुद्र तिकडे. वारा तिकडून. पुढचं दार जिथे होतं तिथेच आहे. ही टेकडी इथे कोणत्या गाढवाने घातली?"

"मी," तिक-हो म्हणाला.

"छान घातली आहे. आता मागे ने."

तिक-होने फावडं उचललं. मातीलाही एव्हाना वाट पाठ झाली असावी. टेकडी अर्धी मागे आणि अर्धी पुढे असताना सण उलटला आणि बी-हुआताई विमानाची तिकिटं घेऊन हजर झाली. ती जुन्या दाराने आत शिरली. आईने तिला बाहेर काढून स्वयंपाकघरातून घेतलं, मग खो मास्तरांची आठवण होऊन पुन्हा बाहेर काढलं.

"आई, बॅग भरलीस ना?"

"भरली."

आईने पूर्वजांपुढे उदबत्ती लावली, बॅग उचलली आणि घराच्या मधोमध उभी राहिली.

"चल ना," ताई म्हणाली.

"घर सोडून जाणाऱ्याने पुढच्या दाराने निघायचं असतं. मागच्या दाराने खरकटं जातं."

"मग नीघ पुढच्या दाराने!"

"कुठल्या?"

ताईने भावाकडे पाहिलं. त्याने दोन्हीकडे हात दाखवला. ताईने दोन्ही मास्तरांना बोलावून घेतलं. आले, बसले, ज्वारीची दारू प्यायले. एक म्हणाला सुई खोटं बोलत नाही, दुसरा म्हणाला मग गेल्या वेळी काय गात होती का? पहिल्याने दुसऱ्याच्या नाकाबद्दल शंका काढली.

"खिडकीतून नीघ!" ताई ओरडली. "विमान जाईल!"

"खिडकीची दिशा आधी बघून घ्यावी लागेल," दोघे मास्तर एकदमच म्हणाले. त्या दिवसभरात त्यांचं पटलेलं एवढंच.

विमान गेलं. तिक-हो ढकलगाडी घेऊन बाहेर पडला, कारण हातांना तेवढंच सुचत होतं. घराला वळसा घालताना बाजूच्या बोळात त्याचे पाय थबकले. बाग पुरी झाली तर आई राहणार, असं ठरलं होतं. पण बाग पुरी झाली की पुढचं दार नक्की होणार, आणि ते नक्की झालं की तिला निघता येणार. म्हणजे तिला ठेवायचं तर बाग करायची की करायची नाही? त्याने हे एकदा सरळ आणि एकदा उलटं मनात म्हणून पाहिलं. दोन्हीकडून ते बरोबर वाटलं. गाडी जड होती. त्याने ती तिथेच, बोळातच, रिकामी केली.

आई बाहेर आली. कमरेवर हात ठेवून ढिगाकडे बघत राहिली.

"हे काय आता?"

"माहीत नाही," तो खरं तेच म्हणाला. "आई, तुला जायचंय की राहायचंय?"

"मला काय विचारतोस? मातीत हात तुझे आहेत." तिने पायाने ढिगाची एक कड दाबून पाहिली. "पावसात वाहून जाईल ही. उद्या दगड लावून घेऊ इथे. जांभ्याचे आण, गुळगुळीत नको." मग आत वळून ओरडली, "बी-हुआ! माझ्या बॅगेतून उशी काढ. वर तांदळाचं पीठ आहे, सांडशील!"